दादाची मान

पिंपरी, १२ मार्च १९७८

गिरजावहिनी, पाया पडतो.

दादाची वाचा कशानं गेली, असं तुम्ही विचारलंत. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मानेत शिरेला फाटा फुटतो, तिथं रक्त भोवऱ्यासारखं फिरतं आणि शीर आतून सुजते. तिथलीच गुठळी सुटून मेंदूत गेली.

मी कंपनीत पाइप फिटर. फाट्यापाशी पाइप आधी झिजतो, म्हणून तिथं हातोडीसुद्धा जपून मारतो. पण दादाची मान आखडायची; तो शिफ्टवरून आला, की तेल लावून मी रोज तिथंच अंगठ्यानं रगडायचो. हे डॉक्टरांना सांगितलं नाही. हे पत्रही टाकवणार नाही.

आज त्याला दवाखान्यातून इथं खोलीवर आणलं. मला पाहताच त्यानं तेलासाठी मान पुढं केली.

तुमचा धाकटा दीर,
ज्योतीराम