अस्तरातल्या मोहऱ्या

प्रिय आई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहून फोटो काढून बाबांच्या फोनवर पाठवतेय. त्यांना वाचून दाखवायला लावू नकोस. स्वतः वाच. मी तुझ्यावर भयंकर चिडलेय.

इथे अलास्कात, पक्ष्यांच्या बेटावर नेणाऱ्या बोटीवर चढण्याआधी आम्ही सगळं सामान तपासतो. बुटांच्या तळव्यांतली माती टोकरायची, खिसे उलटे करायचे, वेल्क्रोत अडकलेलं गवत चिमट्यानं वेचायचं. काल माझ्या जॅकेटच्या काखेत निळ्या दोऱ्याची शिवण दिसली. इतके बारीक टाके आपल्या अख्ख्या शुगर लँड गावात एकच बाई घालते. उसवलं, तर आत पुरचुंडी. मीठ आणि मोहऱ्या.

दृष्ट काढून मीठमोहऱ्या विस्तवात टाकतात, लेकीच्या अस्तरात शिवत नाहीत. मार्चमध्ये तुझ्याच टेबलाशी मी नियम वाचून दाखवला होता, बेटावर बाहेरचं एक बीसुद्धा चालत नाही म्हणून. तू ‘हो गं बाई, कळलं’ म्हणालीस आणि मला आणखी वरण वाढलंस. मोहरी थंडीत कशी तरारते हे तुला मी सांगायला नको, दर जानेवारीत मागच्या अंगणात तूच पेरतेस. त्या बेटावर एकदा फुटलेल्या जहाजातून उंदीर उतरले आणि अंडी खाऊन त्यांनी बेट ओस पाडलं. त्यांना हटवण्यात कित्येक वर्षं गेली. आता कुठे पफिन पक्षी परत येऊन गवताखाली बिळं करतायत. वर्षाला एकच अंडं घालतात. एकुलत्या एका पिल्लाला जपणं तुला तरी कळायला हवं होतं.

पुरचुंडी मी गुपचूप शेगडीत टाकू शकले असते. टाकली नाही, आमच्या प्रमुखबाई केट यांच्यासमोर नेऊन ठेवली. ओरडल्या नाहीत, एवढंच विचारलं, “आणखी कुठे आहे?” ते फक्त तुलाच ठाऊक.

गुरुवारी सकाळी बोट सुटेल. त्याआधी माझ्या सामानात एकही बी नाही, अशी सही करायची आहे. खोटी सही मी करणार नाही, आणि स्लीपिंग बॅगपासून मोज्यांपर्यंत सगळं उसवलं तर त्या थंडीत घालू काय? आणखी कुठे कुठे शिवलंयस, ते लिही. काहीच नसेल तर तसं लिही, मी विश्वास ठेवीन. गप्प राहिलीस तर बोट मला सोडून जाईल, मी किनाऱ्यावर सुखरूप राहीन आणि तुझ्या मनासारखं होईल. फक्त घरी येणार नाही.

गुरुवारपर्यंत तरी तुझीच,
सावनी