तीस वर्षांचा पारा

४ मार्च
मुलीचा खोकला कमी. नातीला दात येताहेत, दिसेल ते चावत सुटलीय. माझे गुडघे – असोत! जावईबापूंचं डोकं दुखतंय. दुखणारच. अहवाल त्यांचाच ना – गाव तापतंय, काचकारखान्याची भट्टी बंद करा!

तो अहवाल आज चाळला. तीस वर्षं रोज सकाळी आठला तापमापकाच्या पांढऱ्या पेटीचं दार उघडून आदल्या दिवशी पारा कुठवर चढला ते मीच टिपलं. ना पगार, ना सुट्टी. माझ्या वहीत अडतीस, ह्यांच्या तक्त्यात साडेएकोणचाळीस!

जावईबापू म्हणाले, "बाबा, ती दुरुस्ती आहे. आजूबाजूच्या हवामान केंद्रांशी ताळा करून पाहिलाय."

माझा आकडा दुरुस्त करणार? आपल्या ताकाला आंबट कोण म्हणतो!

६ मार्च
न्हाव्याकडे बोलून बसलो – आकडे फिरवलेत म्हणून. भट्टीचा मुकादम अर्धी दाढी टाकून उठला. "काका, फक्त वही द्या." दिली. दोनशे घरांच्या चुलीचा प्रश्न आहे. खोटं थोडंच बोलतोय मी?

७ मार्च
आरडाओरडा ऐकून जावईबापूंच्या कचेरीकडे धावलो. मुकादमाने कचेरीच्या फाटकावर माझी वही फडकवली – "बघा, चोरी!" लोक आत घुसले. काचा, खुर्च्या, कागद. जावईबापूंना केस धरून जिन्यावरून ओढत आणलं. एकाने उजव्या हातावर सळई घातली. "लिही आता आकडे!" बोटं चिरडली. मग डोक्यात. पायरीवरून रक्त ओघळत होतं आणि लोक त्यातच उभे! मी मधे पडलो, ओरडलो. कुणीतरी मला प्रेमाने बाजूला घेतलं.

"काका, तुम्ही बसा. तुमच्यासाठीच तर मारतोय!"

९ मार्च
जावईबापू शुद्धीवर नाहीत. मुलगी माझ्याशी बोलत नाही.

दुपारी घर खायला उठलं, पेटीपाशी गेलो. एरवी जातो तो सकाळी आठला, तेव्हा सावली पलीकडे पडते. दुपारची पेटी कित्येक वर्षांत पाहिलीच नव्हती! झाडाची गडद सावली तिच्यावर. झाड मीच लावलेलं – बिचारी उन्हात भाजते म्हणून! पेटी उघड्यावर हवी एवढंही कळू नये? सावलीत पारा कमीच चढणार.

अहवालाचं शेवटचं पान आज वाचलं. जावईबापूंनी लिहिलंय – "निरीक्षक अत्यंत प्रामाणिक. फरक झाडाच्या सावलीमुळे."

मला दुखवायचं नव्हतं म्हणून तोंडावर बोलले नाहीत.

१० मार्च
भट्टीवर जाऊन सांगितलं – चूक माझी, आकडे जावईबापूंचेच खरे. मुकादम हसला. "जावयानं फितवलं म्हाताऱ्याला!" थोबाडीत बसली. दोन दात गेले. पडल्यावर बरगडीत लाथा. वही मागितली, तर डोळ्यांदेखत भट्टीत भिरकावली.

मारणाऱ्याचे हात धरता येतात, बोलणाऱ्याचं तोंड नाही – म्हणतात. बोलणारा मीच होतो!

११ मार्च
जावईबापू सकाळी गेले. फौजदाराने विचारलं, "वही बाहेर कुणी दिली?" मी तोंड उघडायच्या आत मुलीने बोट दाखवलं. "ह्या माणसाने."

बाबा म्हणाली नाही.