तिसरी कोंबडी

अल्तो ग्वारूमो,
९ फेब्रुवारी

ती. एवेलिओदादा यांस,
स. न. वि. वि.

आता तुला ‘तू’ म्हणावं की ‘आपण’, यावरून घरात आठवडाभर वाद चालू आहे. आई म्हणते, ज्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण मी लावलंय त्याला मी आपण-बिपण म्हणणार नाही, मग तो देशाचा राष्ट्राध्यक्ष होवो नाहीतर पोप. तेव्हा तू तूच राहिलास.

निकालाच्या संध्याकाळी सगळं खोरं मातेओकाकांच्या दुकानात टीव्हीसमोर उभं होतं. तुझा चेहरा पडद्यावर आला तेव्हा टाळी कुणीच वाजवली नाही. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी तोंडावर हात ठेवले. मग मातेओकाका म्हणाले, की हा माणूस माझ्या दारात चिखलात दोनदा उताणा पडलाय, आणि मग जो हशा आणि ज्या टाळ्या झाल्या, त्या तिकडे राजधानीत, सान होसेपर्यंत ऐकू आल्या असतील.

मी घरी येऊन अठ्ठावीस वर्षांपूर्वीची वही काढली. सोळा वर्षांच्या अक्षरात लिहिलंय : ‘विद्यापीठातून आतेभाऊ आला. बरोबर पितळी तराजू. अर्थशास्त्र म्हणजे काय, असं विचारलं, तर म्हणाला, लोक काय खातात ते आधी बघायचं, मग तोंड उघडायचं.’ तोच मुलगा आता देशाचं काय ते ठरवणार! हे वाक्य मी तीनदा वाचलं, तरी खरं वाटेना.

एक काळजी आहे. पेपरात आलंय, की शपथ घेतल्यावर तुझी पहिली सही एकतीस शाळांची भोजनघरं बंद करण्याच्या यादीवर होणार, कारण तिथली मुलं घरीच पोटभर जेवतात. त्या यादीत आमची शाळा आहे. माझ्या शाळेत त्रेसष्ट मुलं आहेत. सोमवारी ती दोनदा वाढून घेतात. शनिवार-रविवार घरी काय झालं, ते मला त्या ताटांवरून कळतं. यादी एकदा पुन्हा बघशील का?

आईचे आशीर्वाद. पूर्वीसारखाच लोभ ठेव, पहारेकरी मध्ये उभे असले तरी.

तुझी,
आदिलिया

—

सान होसे,
२१ फेब्रुवारी

चि. आदिलिया हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र चार माणसांनी उघडून, वास घेऊन मग मला दिलं. मामीला सांग, की बटण अजून जागेवर आहे, शर्ट मात्र आता अंगात शिरत नाही.

यादीबद्दल स्पष्ट लिहितो. माझ्या हयातीत मी शेकडो आकडे वापरले, पण ते इतरांनी आणलेले. स्वतःच्या हातांनी तोललेला आकडा एकच, तुमच्या खोऱ्याचा. अकरा घरं, सहा दिवस. प्रत्येक घरात अंडी, घेवडा, कोंबडी. ‘डोंगरात राहणारा माणूस गरीब असेल, पण उपाशी नाही’ हे माझ्या प्रबंधातलं वाक्य तिथूनच आलं. त्याच्यावर मला प्राध्यापकी मिळाली, पुढे मंत्रिपद मिळालं. निवडणुकीतही लोक मला ‘तराजूवाला’ म्हणूनच ओळखत होते. नंतरच्या सगळ्या पाहण्या त्याच पायावर उभ्या आहेत, ही यादीसुद्धा. तुमच्याकडची भोजनघरं बंद झाली, तर किनाऱ्याकडच्या दुसऱ्या शाळांना ती देता येतील. तिथली मुलं खरोखर उपाशी आहेत.

पहिल्याच दिवशी मामाच्या गावाचं नाव खोडलं, तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पण तुझ्याकडे काही पुरावा असेल, तर पाठव. तुझं मी ऐकेन.

मामीला नमस्कार. तुझी माया अशीच असू दे, मला आता ती जास्त लागणार आहे.

तुझा,
एवेलिओ

—

अल्तो ग्वारूमो,
४ मार्च

ती. एवेलिओदादा यांस,
स. न. वि. वि.

पुरावा मीच आहे. हे पत्र मी सहा वेळा फाडलं.

तू येणार ते कळलं, तेव्हा रविवारच्या प्रार्थनेनंतर अकरा घरच्या बायका आमच्या अंगणात जमल्या. विद्यापीठाचा माणूस आपण काय खातो ते पुस्तकात लिहिणार, असं पाद्रीबाबांनी सांगितलं होतं. आई म्हणाली, की पुस्तकात आपली उकडलेली हिरवी केळी आणि मीठ जाणार असेल, तर मी आधी विहिरीत उडी घेते. मग सगळ्यांनी अंडी एकत्र केली. कोंबड्या खोऱ्यात कापण्याजोग्या दोनच होत्या.

तू दुपारी एका घरी तोलायचास, संध्याकाळी दुसऱ्या घरी. तोलून झालं, की घरच्यांना संकोच नको म्हणून बाहेर जाऊन लिहीत बसायचास. तुझ्या त्या सभ्यपणामुळेच सगळं जमलं. तू पाठ फिरवलीस, की मी पातेलं उचलून मागच्या पायवाटेनं पुढच्या घरी पळायची. रोज सकाळी रस्सा पुन्हा उकळायचा. पहिली कोंबडी तिसऱ्या दिवशी हाडांवरून सुटली, तेव्हा दुसरी काढली. तू गेल्यावर पुढचे पंधरा दिवस अकराही घरांनी फक्त केळी खाल्ली.

तुझा आकडा बघून आम्हाला वगळलं, आणि शेजारच्या खोऱ्यातल्या शाळेला दूध त्याच वर्षी मिळालं. आम्हाला भोजनघर मिळालं अकरा वर्षांनी. त्या अकरा वर्षांतली मुलं आता मोठी झाली आहेत. काहींना मीच शिकवलं. वर्गात डुलक्या घ्यायची, त्यांना मी आळशी म्हणायची.

मी इतकी वर्षं गप्प का राहिले? आईची लाज झाकायला, असं मी स्वतःला सांगत आले. पण वही प्रामाणिकपणे वाचली, तर दिसतं, की तुझं नाव पेपरात पहिल्यांदा आलं, तेव्हा मी लिहिलं होतं, ‘यात आपलाही हात आहे.’ मला अभिमान वाटत होता, दादा. त्या पळण्याचा अभिमान.

आईला हे पत्र माहीत नाही. राग आला तरी उत्तर दे, एवढंच मागते.

तुझी,
आदिलिया

—

सान होसे,
२९ मार्च

चि. आदिलिया हिस,
अ. उ. आ.

इतके दिवस लिहिलं नाही, ते रागामुळे नाही.

तुझी एक चूक दुरुस्त करतो. तुम्ही मला फसवलं नाहीत. मामीच्या घरच्या निळ्या फुलांच्या ताटलीचा काठाला टवका उडाला होता, चंद्रकोरीसारखा. तीच ताटली मला पाचव्या घरात दिसली. नवव्या घरात पुन्हा. तुझ्या पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल असायचा, आणि तू म्हणायचीस, की मी सकाळपासून घरातच आहे.

माझी त्या वेळची वही इथे आहे. पाचव्या घरासमोर लिहिलंय, ‘ताटली तीच?’ आणि त्याच्यावर काट मारलीय. मला वाटलं, मामीनं दोन्ही हातांनी पुढे ठेवलेल्या ताटाला मी खोटं कसं म्हणू? हे एक कारण. दुसरं म्हणजे, माझे प्राध्यापक आकड्यांची वाट बघत होते, आणि आकडे फार सुंदर आले होते. कुठलं कारण मोठं होतं, ते मला आजही कळत नाही. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना मी ती वही उघडली नाही, हे मात्र पक्कं माहीत आहे. तुझ्या दुसऱ्या पत्रानंतर उघडली.

आता मला ही गोष्ट शपथेच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायची आहे. सल्लागार म्हणतात, की मी स्वतःच्याच पायाखालची फळी काढतोय. त्यांचं मी बघून घेईन. पण मामीच्या परवानगीशिवाय एक शब्द बोलणार नाही. नाही म्हणाली, तर यादी कशी थांबवायची, ते मला अजून सुचलेलं नाही. विचारून कळव.

माझ्यावरचा विश्वास थोडा तरी शिल्लक ठेव.

एवेलिओ

—

अल्तो ग्वारूमो,
१५ एप्रिल

ती. एवेलिओदादा यांस,
स. न. वि. वि.

आईला सगळं वाचून दाखवलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मका दळताना जात्यावर राग काढत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, की म्हणजे त्या शहाण्याला ताटली ओळखू आली होती आणि तरी तो गप्प जेवला? मग बराच वेळ हसली, आणि हसता हसता डोळे पुसले.

तिची परवानगी आहे. नाव घेतलंस तरी चालेल, रोसाउरा म्हणून, पूर्ण. एकच अट आहे. आम्ही खोटं बोललो, असं म्हणायचं नाही. पाहुणचार केला, असं म्हणायचं.

सोहळ्याला आम्ही दोघी येतो आहोत. तिनं बूट घासायला आत्ताच घेतले आहेत.

तुझी,
आदिलिया

—

अल्तो ग्वारूमो,
२६ मे

ती. एवेलिओदादा यांस,
स. न. वि. वि.

त्या दिवशी मैदानात मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटायचं, मी या माणसाला ओळखते. गळ्यात देशाचा पट्टा, समोर परदेशचे पाहुणे, हजारो माणसं. आणि तू छापील भाषण घडी करून खिशात टाकलंस आणि म्हणालास, की ज्या आकड्यामुळे मी इथे उभा आहे तो चुकीचा आहे, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या शेजारची एक बाई छातीवर क्रुसाची खूण करत होती, जशी वीज पडल्यावर करतात. तू ‘रोसाउरामामीचा पाहुणचार’ असं म्हणालास, तेव्हा आई उठून उभी राहिली. मी खाली ओढलं, तरी बसली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरांनी तुझी सालटी काढली, तीही मी वाचली. तरीही मला तो माणूस लहान दिसेना.

यादी थांबली. एकतीस खोऱ्यांत आता तिथल्याच बायका तराजू घेऊन फिरणार, आणि किनाऱ्याकडच्या शाळांचं वेगळं बघणार, हे तू सांगितलंस. आमच्या भोजनघरात काल घेवडा होता. त्रेसष्ट ताटं लागली.

पण हे पत्र परवाच्या तुझ्या भेटीबद्दल आहे. मोटारी दुकानापाशी सोडून तू चालत आलास, तो जुना तराजू घेऊन. मी शाळेत होते, म्हणून स्वयंपाकघरात काय झालं ते मला आईकडून कळलं. तू मुद्दाम निरोप पाठवला होतास, की रोजचंच वाढ, केळी आणि मीठ. आणि तिनं काय केलं, ते तुला ठाऊकच आहे. पहाटे उठून कोंबडी कापली. निळ्या फुलांच्या ताटलीत वाढली. टवका तुझ्याकडे करून ठेवला होता, म्हणे.

तू कोंबडी तोललीस, वहीत लिहिलंस, मग पोटभर जेवलास. जाताना वहीचं पान फाडून ताटलीखाली ठेवलंस.

आईला वाचता येत नाही. मी येईपर्यंत ती ताटलीला हात न लावता समोर बसून होती. मी वाचून दाखवलं : ‘कोंबडी, चारशे वीस ग्रॅम.’ आणि समोर, तुझ्या त्या बारीक अक्षरात : ‘पाहुण्यासाठी रांधलेली. हिशेबात धरू नये.’

ती मग म्हणाली, की गाढवाला हे तेव्हाच सुचलं असतं तर! आणि ताटली उचलून स्वतः धुतली. मला धुवू दिली नाही.

ते पान मी या वर्षीच्या वहीत चिकटवलंय. तुझ्या कामातून जमेल तेव्हा ये, आणि जेवायलाच ये. तराजू नाही आणलास तरी आमची माया तेवढीच राहील.

तुझी,
आदिलिया