नळीच्या तोंडाशी भंडारा

सांगली,
गुरुवार, दिनांक २९ जानेवारी १९७६

सौ. जाईबाई केरू बनसोडे, नर्सबाई यांस,

नाथाजी रामजी थोरात याचा नमस्कार पोहोचावा. आपण उभयता व मुली खुशाल असाल अशी आशा करतो. मी चौथी पास आहे व माझे अक्षर वळणदार आहे, परंतु आज मजकूर दोनदा खोडून लिहिला. खाडाखोडीबद्दल क्षमा असावी.

येथील वर्तमान असे. माझी पत्नी सौ. रंगूबाई हिचा ताप काल पहाटे उतरला. डॉक्टरांनी शिरेत औषध सोडण्याची दूषित नळी काढून टाकली. हृदयाच्या झडपेवरचे जंतू मात्र मेलेले नाहीत. औषध आणखी चार आठवडे शिरेतूनच गेले पाहिजे. हातांच्या शिरा पूर्वीच कडक झाल्या, हे आपण जाणता. गळ्याच्या हाडाखालची उजवी शीर आता सुजली. डावी तेवढी राहिली. सोमवारी तीत नवी नळी घालणार आहेत. "आजोबा, ही बिघडली तर माझ्यापाशी दुसरी जागा नाही," असे डॉक्टर म्हणाले.

इस्पितळात इतके दिवस खाट मिळत नाही. घरी नेण्यास ते एकाच अटीवर कबूल आहेत. नळीस शिकलेलाच हात लागला पाहिजे.

आपण सतरा दिवस, दिवसातून चार वेळा आमच्या घरी आलात. सिरिंज वीस मिनिटे उकळणे, कोपरापर्यंत साबण लावणे, नळीचे बूच स्पिरिटने पुसणे, यात एकही पायरी कधी सुटली नाही. मी खुर्चीत बसून आपली चूक शोधत असे. सापडली नाही.

पालीच्या यात्रेच्या दिवशी आपण वस्तीवर एका बाळंतपणात अडकला होतात. मी खंडोबाचे दर्शन घेऊन परतलो. रंगूबाईने कपाळ पुढे केले, मी भंडारा लावला.

येथपर्यंत मी सर्वांस सांगितले आहे.

त्यानंतर मी पट्टी उचलली. नळी अंगात शिरते त्या तोंडाशी चिमूटभर भंडारा दाबला आणि पट्टी होती तशी चिकटवली. हात धुतले नव्हते. ती म्हणाली, "आवं, जाईनं हात लावू नगा म्हणून सांगितलंय." मी म्हणालो, "देवाच्या भंडाऱ्याला जाईची परवानगी लागती व्हय?"

संध्याकाळी आपण पट्टी सोडलीत तो कापूस पिवळा. "आवं आबा, ही हळद हितं कुणी घातली? खरं सांगा, जिवाचा सवाल हाय." मी म्हणालो, "तुझ्याच हाताची असंल." आपण ती जागा तीन वेळा धुतलीत. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरली.

येथे डॉक्टरांनी विचारले, नळीस हात कोणाचा लागला? मी आपले नाव सांगितले. तेच लिहून आरोग्य खात्याकडे तक्रारही धाडली. आपले नाव घेतले की गावात कोणी दुसरा प्रश्न विचारणार नाही, हे मला ठाऊक होते. ज्या घरी आपला कप वेगळा ठेवीत, त्या घराचा शब्द खरा मानला गेला. आता आपली बदली मेढ्याकडच्या डोंगरात होणार, असे सरपंच आप्पासो सांगतात.

काल शुद्ध आल्यावर रंगूबाईने प्रथम आपल्याविषयी विचारले. मी तक्रारीचे सांगितले. ती म्हणाली, "माझ्याम्होरं केलासा आन् तिच्यावर घातलासा? जाई येणार असंल तर नळी घालून घेते. न्हाईतर ऱ्हाऊ द्या. लय झाला तुमचा मान."

गरज पडली तेव्हा म्हातारा वाकला, असे आपल्या मनात येईल. ते खरे आहे. गरज नसती तरी लिहिले असते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

म्हणून एक गोष्ट आधी केली. आज डॉक्टरांस घडले ते सांगितले, आणि तक्रार खोटी होती असे खात्यास लिहून सही करून पोस्टात टाकले. नक्कल सोबत आहे. आपण आला नाहीत तरी ते लिहिणे मी परत घेणार नाही. ग्रामपंचायतीत वाचून दाखवावयाचे असल्यास दाखवावे. मी समोर उभा राहीन.

हे पत्र आप्पासो स्वतः आणून देतील. ते चार आठवडे आमच्या घरी पुन्हा याल का, होय किंवा नाही, इतकेच त्यांच्यापाशी सांगावे. नाही असल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही. कारण मला ठाऊक आहे.

आपल्यावर खोटा आळ घेणारा,
नाथाजी रामजी थोरात