लग्नाच्या फोटोतली शर्वाणी

८ मार्च २०२०, रविवार
तर सगळ्यात आधी मेधाच आली, माझ्या मुलाची, गौरवची इथली परदेशातली मैत्रीण. बारशाला अकराची वेळ दिलेली, ही दहालाच दारात, मागे नवरा दिलीप. दोघं टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर, तरी चपला बाहेर काढायची अक्कल आहे. बाकीचे लोक आले ते बूट घालून, थेट गालिच्यावर. असो. नातवाचं नाव पियूष ठेवलं. नाक आमच्या घराण्याचं, रंग माझा. रडतो पण गौरवसारखाच, आधी एक डोळा उघडून कोण बघतंय ते बघतो, मग.
स्वप्नाली, म्हणजे सूनबाई, मोबाईल धरून शर्वाणीला पाळणा दाखवत होती. शर्वाणी तिची पहिल्या नवऱ्याची मुलगी, आठ वर्षांची, कऱ्हाडला संध्याताईंकडे असते. संध्याताई स्वप्नालीची आई. मेधाने विचारलं, हिला इकडे कधी आणणार? गौरव तोंड उघडायच्या आत मीच म्हणलं, आणायचीच की, नात आहे आमची. सगळ्यांसमोर म्हणलं. मेधा माझ्याकडे बघतच राहिली. कौतुकानेच असणार.
आजपासून रोज लिहायचं. चौथी पास असले तरी अक्षर अजून सुबक आहे.

२९ मार्च, रविवार
एकदम आज लिहितेय. बाळंतिणीचं घर, वेळ कुठला. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा सरकारचा हुकूम आहे. आमच्या या ल्यूकनमध्ये दोन किलोमीटरात आहे तरी काय, सारखी सारखी घरं.
माझा व्हिसा संपत आला होता तो सरकारने आपोआप वाढवला. म्हातारं माणूस बघतात बरं. शर्वाणीच्या व्हिसाचा फॉर्म मात्र कुणी घेत नाही, ऑफिसं बंद. स्वप्नाली बाथरूममध्ये नळ सोडून रडते. दुसऱ्यांदा ऐकल्यावर दारावर टकटक करून सांगितलं, पाणी वाया जातं.

१४ जून, रविवार
शर्वाणीसाठी पलंग आला. गुलाबी, वर शिंगवाल्या घोड्यांची चादर. छोट्या खोलीत लावला. मी त्या खोलीत सतरंजीवर झोपत होते, पण नवी गादी कडक असते, बसायला नको? पोरीची पाठ दुखायची. म्हणून मीच झोपायला लागले पलंगावर. पाय जरा बाहेर येतात. तिच्यासाठी रिकामी केलेली प्रेस (कपाटाला इथे सगळे प्रेसच म्हणतात, गौरवसुद्धा) तिच्यात माझ्या साड्या लावल्या. रिकाम्या प्रेसला वास लागतो.
संकल्प: शर्वाणीला रोज फोनवर एक श्लोक शिकवायचा.

६ ऑगस्ट, गुरुवार
श्लोकाचं जमलं नाही. फोन लागला की मी पियूष दाखवते, त्यातच वेळ जातो. पालथा कसा पडतो, लाळेरं कुणी शिवलं, सगळं सांगते. शर्वाणीला फार आवडतं. एक शब्द बोलत नाही, टक लावून बघते. स्वप्नाली हात पुढे करून उभी असते फोनसाठी, तिला घाई फार.
मुलीच्या खऱ्या बापाची संमती लागते. हरीश नाव त्याचं. सगळ्यांना धास्ती होती, अडवेल म्हणून. त्याने एका दिवसात सही करून पाठवली, फोनवर मुलीची चौकशीसुद्धा केली नाही. किती सहकार्य करणारा माणूस. उगाच सोडला हिने.

२० सप्टेंबर, रविवार
ऑफिसं उघडली. मेधा व्हिसाच्या कागदांची यादी घेऊन आली, अंगणातच बसली. चहा दिला तर ग्रँड, ग्रँड म्हणाली आणि घेतला नाही. ग्रँड म्हणजे नको की हो, ते मला अजून समजत नाही.
यादीत एक कलम असं की मुलगी या घरातलीच आहे हे दिसलं पाहिजे, फोटो जोडा. स्वप्नालीने लग्नाचा अल्बम काढला. तीनशे फोटो, शर्वाणी एकात नाही. मेधाने विचारलं, हे कसं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता यात विचारण्यासारखं काय आहे? आईचं लग्न पोराने बघू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोर पण सांगेल. म्हणून त्या दिवशी मी तिला शेजाऱ्यांकडे बसवलं होतं. मांडव दिसू नये म्हणून खिडकी लावून घेतली. जिलेबी पाठवली होती, दोन.
मेधा म्हणाली, काही हरकत नाही, जसं झालं तसं पत्रात लिहा, हे लोक रीतरिवाज समजून घेतात. स्वप्नालीने इंग्रजीत दोन पानं लिहिली. मला वाचता येत नाही, पण घरातली गोष्ट अशी परक्यांना लिहायची? काय म्हणतील व्हिसा देणारे दिल्लीचे साहेब, आजी पोरीला खोलीत कोंडते?

२६ सप्टेंबर, शनिवार
मार्ग काढला! कऱ्हाडला माझा भाचा सतीश, त्याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याला म्हणलं, बाबा, फोटोत पोर घाल. त्याने एका तासात घातली. लग्नात त्याची मुलगी भार्गवी माझ्या शेजारी उभी होती, परकर पोलकं घालून. तिच्या धडावर शर्वाणीचं तोंड. इतकं बेमालूम की मलाच वाटलं, होती की ही लग्नात.
संध्याताई व्हिसाची फाईल घेऊन पुण्याला जाणार त्या सतीशच्याच गाडीतून. आत फोटो सरकवायचा त्याला सांगून ठेवलं. सूनबाईला सांगितलं नाही. तिला आधीच किती ताण.
दुपारी स्वप्नाली बाळाला घेऊन पडली होती तेव्हा शर्वाणीला फोन लावला, सतीशने तिच्या आजीच्या मोबाईलवर पाठवलेला फोटो बघायला सांगितला. पोरीने फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाली, “आजी, पण मी तिथे नव्हते.”
म्हणलं, “आता आहेस.”
आणि बजावलं, मम्मीला बोलायचं नाही, गंमत आहे. शहाणी आहे, मान हलवली.

१२ ऑक्टोबर, सोमवार
फाईल पुण्यात जमा झाली. सतीशचा मेसेज आला, अंगठा. गोड म्हणून शिरा केला. मी कुणाला कारण सांगितलं नाही, चांगलं काम गुपचूप करावं.

१६ नोव्हेंबर, सोमवार
भाऊबीज. शर्वाणीने तिकडून मोबाईललाच ओवाळलं, पियूष इकडे झोपलेला. उठवायचा नाही म्हणलं, ओवाळलेलं झोपेतही पोचतं. तरी ती ताट धरून उभीच. शेवटी निरांजन विझलं.
आता रोज विचारते म्हणे, व्हिसा आला का. दप्तर भरून ठेवलंय. येईल, येईल. फोटो बोलतो तो.

२५ फेब्रुवारी २०२१, गुरुवार
काल पियूषचा पहिला वाढदिवस. केक मेधाने दारात ठेवला. आज दिल्लीचा निकाल आला. नाही म्हणाले.
गौरवने मराठीत सांगितलं. पत्रात लिहिलंय मुलगी लग्नात नव्हती, फोटोत मुलगी लग्नात आहे. म्हणजे खोटा कागद. अपील करता येत नाही. पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचीही बंदी. पाच वर्षांनी शर्वाणी चौदाची असेल.
गौरव विचारत होता, कुठला फोटो? मी पियूषचा लंगोट बदलायला घेतला. तो कोरडा होता.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार
सतीशने सगळं सांगून टाकलं. रक्ताचं नातं असं. तरी मी म्हणते चूक पत्राची. पत्र लिहिलं नसतं तर फोटो खपला असता. एवढं साधं कुणाच्या डोक्यात येत नाही.
स्वप्नाली ओरडली नाही. पोळी लाटत होते तिथे आली आणि म्हणाली, “लग्नात तिला बाहेर तुम्ही ठेवलंत, आई. फोटोत आतही तुम्हीच घातलंत. मला एकदा तरी विचारायचं होतं.”
म्हणलं, तुझ्यासाठीच केलं. ती गेली. पोळी मात्र करपली तेवढ्यात.
फोनवर शर्वाणी विचारत होती म्हणे, मी गंमत सांगितली नाही म्हणून झालं का? मला फोन दिला नाही. मी नीट समजावलं असतं.

२६ मार्च, शुक्रवार
स्वप्नाली रविवारी पियूषला घेऊन कऱ्हाडला निघणार. शर्वाणीजवळ राहणार. किती दिवस ते विचारलं तर म्हणाली, पाच वर्षं मोजा. चेष्टा करते. दोन महिन्यांत परत येईल, तिकडचा उन्हाळा सोसेल का तिला? गौरव म्हणतो तोही तिकडे नोकरी बघतोय. त्याची पण चेष्टाच.
माझं तिकीट त्यांच्याबरोबर काढलेलं नाही. मी विचारलं, बाळाला विमानात कोण घेणार? गौरव म्हणाला, आई, तू पुढच्या महिन्यात जा, एकटी. माझी काळजी, गर्दीत नको म्हणून.
पियूष आता आजी म्हणतो. म्हणजे “आ” म्हणतो, पुढचं यायचंय.
संध्याकाळी मेधा-दिलीप आले. मेधा वर जाऊन स्वप्नालीशी तासभर बोलली. माझ्याशी मात्र दारातूनच, मास्क लावून, दोन मिनिटं. इथले नियम फार विचित्र. दिलीपने टेपने गुलाबी पलंग मोजला. त्यांच्या ओळखीत कुणाची तरी मुलगी आहे, तिला देणार. चादरही. मी म्हणलं, गादी छान बसलीय, न्या.
साड्या प्रेसमधून काढल्या. सतरंजी झटकली.
रविवारी येतो म्हणाले, सकाळी सातला, मोठी गाडी घेऊन. आधी स्वप्नाली आणि बाळाला विमानतळावर सोडणार, मग पलंग. रविवारी नेमकी होळी. पुरण शनिवारीच शिजवून ठेवते, दोघांना गरम पोळी वाढीन. मेधाला विचारलं, तर ग्रँड, ग्रँड म्हणाली.