पहिल्या वहीतलं पहिलं पान

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, शस्त्रक्रिया वॉर्डातली निवृत्त सिस्टर, हे स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. माझं दोन खोल्यांचं घर धाकट्या बहिणीला. भिंतींचा रंग तिला कधीच आवडला नाही. आता खुशाल बदलावा.

२. सेकंदकाट्याचं घड्याळ तिच्या मुलीला, माझ्या नर्स भाचीला. ते पाच मिनिटं पुढे आहे. तसंच राहू दे गं, तुझं वेळेवर पोचणं मला ठाऊक आहे.

३. माझ्या अकरा वह्या नर्सिंगच्या शाळेला, एका अटीवर: पहिल्या वहीतलं पहिलं पान दर नव्या तुकडीला, माझ्या नावासकट, मोठ्याने वाचून दाखवावं. ते असं:

“आम्ही पेशंटला खाटेच्या नंबराने ओळखतो. सातला मधुमेह, आठला हर्निया. आठच्या बायकोला तान्ह्या मुलीसह आत सोडत नव्हते. ती खाली आवारात उभी राहून मुलीला उंच धरायची. खिडकी सातजवळ, म्हणून दोघांनी आपापसात खाटा बदलल्या. मी नाव न विचारता सातला इन्सुलिन टोचलं. तो घामाने निथळला, शुद्ध हरपली. ग्लुकोज देऊन वाचवला. डोळे उघडल्यावर म्हणाला, ‘सिस्टर, मी सात नाही हो. मी गवंडी आहे. विचारायचंत की.’ चूक माझी.”

त्यानंतर मी खाटेशी बसून विचारू लागले. पेशंट जे सांगायचे, ते त्यांच्या परवानगीने, नावं गाळून, त्यांच्याच शब्दांत लिहीत गेले.

४. शाळेचे आजचे प्रमुख, म्हणजे मी निवृत्त झाले तेव्हाचे आमचे मोठे डॉक्टर, यांना काहीही नाही. ते म्हणाले होते, “सिस्टर, एवढं पान फाडा, बाकीच्या वह्या आपण छापू. हॉस्पिटलच्या अब्रूचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, “साहेब, त्याचा जीव जात होता. अब्रूचं नंतर बघू.” तेव्हापासून त्यांनी मला नमस्कार केला नाही. मीही केला नाही, आणि यापुढे तर प्रश्नच मिटला.

५. भाची विचारते, “मावशी, तू गेल्यावर त्यांनी ते पान फाडलं तर?” म्हणूनच ते वर शब्दशः उतरवलं आहे. हा कागद आज नोंदणी कार्यालयात दाखल होतो आहे. आता फाडायचंच असेल, तर साहेबांनी सरकारी दप्तर फाडावं.

स्थळ: माझी राहती खोली
दिनांक: ३ मार्च, सोमवार
(सही)

बाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर:
१. (सही) शेजारचे शिंपी
२. (सही) वॉर्डातली जुनी आया. पान मी वाचलं. असंच झालं होतं, मी तिथे होते.