शेवटचा परिच्छेद

मंगळवार, ४ मार्च

आहाराचं पुस्तक आलं. तीनशे बारा पानं, मुखपृष्ठावर रिकामं ताट. अमेय म्हणतो, शुक्रवारपर्यंत सहाशे शब्द द्या मॅडम, या विषयाला वाचक फार. हा अमेय म्हणजे रविवार पुरवणीचा उपसंपादक, दोन वर्षांपासून माझं पुस्तकांचं सदर बघतो. बारावीच्या बोर्डाचे दोनशे पेपर माझ्या टेबलावर पडलेत, हे त्याला कोण सांगणार? मीच सांगितलं. "हो हो" म्हणाला आणि फोन ठेवला.

गुरुवार, ६ मार्च

वाचून झालं. लेखकाला सांगायची हातोटी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. भूक म्हणजे काय, सवय म्हणजे काय, शरीर साखरेचं काय करतं — चौदा प्रकरणं मी पेपर बाजूला सारून वाचली. मग पंधरावं आलं. एकवेळ जेवून औषधांतून सुटका! पुरावा काय, तर अकरा माणसं. अकरा! त्यांच्यावर देखरेख कुणाची होती, वर्षभरानंतर त्यांचं काय झालं, पत्ता नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. माझ्या वर्गातल्या पोरांनी असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वही तोंडावर परत केली असती.

परीक्षण नेहमीच्याच पद्धतीनं लिहिलं. आधी गुण, दोष शेवटी. घरी आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मग कामाचं बोलायचं, तसंच ते. शेवटचा परिच्छेद मात्र कडक घातलाय: औषधं चालू असलेल्यांनी या प्रकरणाच्या भरवशावर एकही गोळी बंद करू नये, इन्सुलिन घेणाऱ्यांच्या तर जिवावर बेतेल.

शुक्रवार, ७ मार्च

पाठवलं. पाचशे अठ्ठ्याण्णव शब्द.

रविवार, ९ मार्च

शेवटचा परिच्छेद नाही!

त्या जागी गाद्यांच्या सेलची जाहिरात. अमेयला फोन लावला. म्हणाला, ऐनवेळी जाहिरात आली, खालून कापावं लागलं, बाकी मजकूर जसाच्या तसा आहे. कापताना वाचलं नाही, हे उघडच होतं. डेस्कवर सगळे खालूनच कापतात म्हणे. मी आवाज चढवला, पुढच्या रविवारी खुलासा हवा म्हणाले. "बघू या" म्हणाला आणि त्याच दमात सांगितलं की एप्रिलपासून माझं सदर पुरवणीच्या पहिल्या पानावर घ्यायचं संपादकांच्या मनात आहे.

आणि मी गप्प बसले. इथं तरी खरं लिहावं.

दुपारी आबा, माझे वडील, विहारातून आले. दर रविवारी वंदना झाली की ते माझं परीक्षण उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवतात. वय बहात्तर, पस्तीस वर्षं चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर. आजी अंगठा करायची, आबा रात्रशाळेत मॅट्रिक झाले. पेपर वाचायला बसले की हातात पेन्सिल असते. छापलेल्या अक्षरापुढं माणूस अजून चप्पल काढून बसतो. आज चेहरा नुसता फुललेला होता. चाळीस माणसं होती, त्यांच्यातल्या साहेबरावांनी मोबाईलवर लेखाचा फोटो काढून घेतला, "लई भारी लिव्हलंय पोरीनं" म्हणाले. त्या चेहऱ्याला कसं सांगायचं की लेख अर्धाच छापलाय? उद्या सांगते. आबांना स्वतःला अठरा वर्षं साखर आहे, पण त्यांची चिंता नाही. सकाळचं इन्सुलिन स्वतःच्या हातानं घेतात, एक दिवस चुकलेलं मला आठवत नाही.

बुधवार, १२ मार्च

उद्या काही उगवला नाही. पेपर चौसष्ट झाले.

रविवार, १६ मार्च

खुलासा नाही. अमेय फोन उचलत नाही. मीही दुसऱ्यांदा लावला नाही.

आबांनी नवीन खूळ काढलंय. सकाळचा नाश्ता बंद, रात्रीची भाकरी बंद, एकदाच दुपारी जेवतात. पुस्तकात तसं हाय म्हणे! मी भडकले. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल, चक्कर येऊन पडाल, असं सगळं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "त्याची काळजी तू नको करू." मग मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या. चक्कर वाटली की लगेच तोंडात टाकायची, अशी ताकीद दिली. त्यांनी मान हलवली.

शुक्रवार, २१ मार्च

आबांची पँट कमरेला राहीना. शेजारच्या केसरबाईंनी दारातूनच कौतुक केलं, म्हाताऱ्यानं पोट चांगलं उतरवलं म्हणून. आबा खूश. मी पण, थोडी.

पण पाणी किती पितात! आमच्याकडे नळ सहा दिवसांनी येतो आणि हे रोज माठ रिकामा करतात. दर अर्ध्या तासाला बाथरूम. मी चिडून म्हणाले, जरा बेतानं. उन्हाळा यंदा मार्चातच डोक्यावर बसलाय, त्याला ते तरी काय करणार.

सोमवार, २४ मार्च

मेंदूच्या पुस्तकाचं परीक्षण काल आलं, पूर्ण आलं. लक्ष दुसरीकडे असलं की डोळ्यांसमोरची गोष्टही मेंदू नोंदवत नाही, हे प्रकरण मी फार रंगवून लिहिलंय. दोन वाचकांचे मेसेज आले.

आज माणसाच्या जनुकांवरचं आलं. साखरेचा आजार पिढ्यांमधून कसा उतरतो, त्यावर चाळीस पानं आहेत. आजीला होता, आबांना आहे, आता नंबर माझा. आबांना वाचून दाखवावं म्हणून उठले, तर ते दुपारी तीनलाच गाढ झोपले होते. उठवलं नाही.

गुरुवार, २७ मार्च

दवाखान्यातल्या बाकावर लिहितेय.

दोन वाजता कॉलेजातून आले. आबा खुर्चीत. ओठ कोरडे, जीभ जड. माझ्याकडे बघून "बाय, म्हशी सोडल्या का?" म्हणाले. बाय म्हणजे माझी आजी, त्यांची आई! मला वाटलं साखर उतरली. मी खिशातल्या दोन लिमलेट काढून त्यांच्या तोंडात घातल्या. मी घातल्या! केसरबाईंनी रिक्षा आणली. जालना रोड कसा पार केला, आठवत नाही.

साखर पाचशे शहाऐंशी.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं? आज सकाळी, मी ठासून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "हे एका दिवसाचं नाही. किती दिवस बंद आहे ते घरी जाऊन बघा."

घरी गेले. फ्रिजच्या दारात आठ तारखेला मीच आणून ठेवलेली बाटली. सील तसंच. गोळ्यांची पाकिटंही तशीच. आबांच्या पाकिटात माझं कात्रण चार घड्या करून ठेवलेलं होतं. एका वाक्याखाली पेन्सिलीची रेघ, दोनदा मारलेली: 'अनेकांना औषधांतून सुटका मिळाल्याचं लेखक सांगतो.'

वाक्य माझं आहे. अठरा दिवस त्यांनी तहान सोसली आणि मी माठ मोजत बसले. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवते मी.

शुक्रवार, २८ मार्च

आयसीयू. किडनीवर ताण आलाय. आज आणि उद्याचा दिवस बघू, म्हणतात.

शनिवार, २९ मार्च

अमेयला आवारातूनच फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही माणूस मारायला निघालात, असंही बोलले. तो सगळं ऐकून घेत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर त्याच रविवारी बघितलं होतं ना?"

मी फोन ठेवला. बघितलं होतं. पहिल्या पानासाठी गिळलं होतं.

रविवार, ३० मार्च

आबांनी डोळे उघडले, मला ओळखलं. चहा मागितला! साखर दोनशे चाळीस. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच खुर्चीवर टेकून बोलल्या. धोका टळलाय, पण किडनीवर नजर ठेवावी लागेल.

तिथून तशीच विहारात गेले. वंदना संपत आली होती. उभी राहिले. सांगितलं की आबांनी वाचून दाखवला तो लेख अर्धा होता, उरलेल्या अर्ध्यात काय होतं, मला ते त्याच दिवशी कळलं होतं आणि तरी मी बोलले नाही. आबा कुठं आहेत तेही सांगितलं. साहेबराव मागून उठले. म्हणाले, "म्या बी अर्धीच गोळी घेतोय, धा दिस झाले. आजपून पुरी घेतो." आणि बसले. आणखी दोन बाया मला बाहेर थांबवून आपापल्या गोळ्यांचं विचारत होत्या.

हे विहारातले चाळीस. पेपर किती घरांत जातो?

बुधवार, २ एप्रिल

आबा घरी आले. उन्हात सुकत घातलेल्या कपड्यासारखे हलके झालेत. लेखाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, मीही नाही. सकाळी इन्सुलिन मी देते. ते निमूट पोट पुढं करतात आणि खिडकीकडे बघतात.

अमेय म्हणाला, खुलासा चार ओळींचा, आतल्या पानावर देतो. मी नाही म्हणाले. नवा लेख लिहिलाय, तेवढाच, सहाशे शब्द. पहिल्याच ओळीत सांगितलंय: औषधं बंद करू नका. दुसरीत: हे मी नऊ मार्चलाच छापायला लावायला हवं होतं. पुस्तकाचं कौतुक सगळ्यात शेवटी टाकलंय, आता खुशाल खालून कापा. त्याच जागी, त्याच आकारात येणार नसेल तर हे सदर माझ्याकडून बंद.

"संपादकांना विचारतो," म्हणाला. आवाजात घाई नव्हती. आबांना घरी सोडलं का, तेही त्यानं विचारलं.

शनिवार, ५ एप्रिल

छापतोय, असा मेसेज आला. पहिल्या पानाचं काही नाही आणि मी विचारलंही नाही. जनुकांच्या पुस्तकाला हात लावलेला नाही.

रविवार, ६ एप्रिल

आलं. अख्खं आलं. आबांनी पेन्सिल घेऊन वाचलं. दोनदा वाचलं, घडी घातली, उशीखाली ठेवलं. विहारात जायला निघाले होते, पण जिन्यापर्यंतच दम लागला. परत येऊन पडून राहिले. मी समोर बसले होते.

सोमवार, ७ एप्रिल

सकाळी सुई भरताना मला राहवलं नाही. म्हणाले, आबा, पेपरवाल्यांनी कापलं ते कापलं, पण मी तुम्हाला घरात एक वाक्य सांगायला हवं होतं. तेवढं केलं असतं तर हे झालंच नसतं.

त्यांनी सदरा वर धरला होता, तो तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "सांगितलं व्हतं की, रत्ना. पेपर तपासत व्हतीस तवा. म्हणली, आबा, त्या पुस्तकवाल्या बाबाचं ऐकून इन्सुलिन सोडू नका."

मला आठवत नाही. शप्पत, मला आजही आठवत नाही. मग का सोडलंत, विचारलं.

"रविवारी छापून आलं, त्यात ते नव्हतं. मला वाटलं, पोरगी घरात काळजीपायी बोलती. खरं ते पेपरात लिहिती."